वेळेची वही : विद्यार्थ्याने आपल्या वेळेचा हिशेब कसा तपासावा आणि कसा सुधारावा

जूनमध्ये कनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले की पहिल्या पंधरवड्यातच अनेक विद्यार्थ्यांच्या घरी भिंतीवर नवे वेळापत्रक चिकटवले जाते. पहाटे साडेचारला उठणे, पाच ते सात भौतिकशास्त्र, रात्री नऊ ते अकरा गणित अशी त्याची मांडणी असते आणि बहुतेक वेळा ते लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या एखाद्या चुलतभावाच्या किंवा मामेबहिणीच्या वेळापत्रकावरून उतरवून घेतलेले असते. पोळ्यापर्यंत त्या कागदाचे कोपरे सुटलेले असतात आणि शिस्त आपल्या स्वभावातच नाही, असे विद्यार्थ्याने मनाशी ठरवून टाकलेले असते. अकरावी-बारावीच्या मुलांना बरीच वर्षे शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की यात दोष शिस्तीचा कमी आणि मापाचा जास्त असतो. परभणी जिल्ह्यातील एखाद्या गावातून रोज एसटीने ये-जा करणाऱ्या मुलीचा दिवस आणि लातूरला खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचा दिवस यांत साम्य फक्त चोवीस तासांचे असते. म्हणून वेळापत्रक आखण्याआधी आपला दिवस प्रत्यक्षात कसा जातो, हे मोजले पाहिजे.

सात दिवसांची नोंद

एक शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक दिवसासाठी समोरासमोरची दोन पाने राखून त्यांवर अर्ध्या तासाचा एक याप्रमाणे अठ्ठेचाळीस ओळी आखाव्यात. सलग सात दिवस प्रत्येक ओळीत त्या अर्ध्या तासात काय केले, ते लिहावे. नोंद दिवसातून तीनदा करावी : दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळी घरी आल्यावर आणि झोपण्यापूर्वी. रात्री एकदाच बसून सगळा दिवस आठवून लिहिणारे विद्यार्थी स्वतःला नकळत फसवतात, कारण गप्पांत गेलेला पाऊण तास आठवणीत दहा मिनिटांचा होतो आणि पुस्तक समोर ठेवून घालवलेली वीस मिनिटे तासाभराची होतात.

नोंदीत ‘अभ्यास’ हा शब्द लिहू नये. ‘रसायनशास्त्र, दुसरे प्रकरण, सहा उदाहरणे सोडवली’ किंवा ‘जीवशास्त्र वाचत होतो, तीन पाने’ असे लिहावे. ‘बसस्थानकावर थांबलो’, ‘नळाला पाणी आले म्हणून भरत होते’, ‘पाहुणे आले’, ‘लाइट गेली’ याही नोंदी तितक्याच नेमक्या असाव्यात. मोबाइलच्या बाबतीत मात्र स्मरणावर अजिबात विसंबू नये. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ या नावाखाली कोणते अ‍ॅप किती मिनिटे वापरले आणि फोन किती वेळा उघडला, याचे रोजचे आकडे मिळतात. ते रोज रात्री वहीत उतरवून घ्यावेत.

या आठवड्यात काहीही सुधारायचे नाही, ही अट पाळायला सर्वांत अवघड जाते. नोंद ठेवायला लागताच माणूस थोडा शहाण्यासारखा वागू लागतो, म्हणून पहिल्या दोन दिवसांच्या नोंदीवर फार भरवसा ठेवू नये आणि शक्य असल्यास नोंद आणखी दोन दिवस वाढवावी.

हिशेब मांडणे

आठवड्याचे तास १६८. आता नोंदी चार ढिगांत विभागाव्यात : झोप आणि शरीराची निगा, बांधील वेळ, अभ्यास आणि उरलेले. बांधील वेळेत महाविद्यालय, शिकवणी, प्रवास आणि घरची किंवा शेतातली कामे येतात.

समजा, एक विद्यार्थिनी गावातून तालुक्याच्या ठिकाणी रोज ये-जा करते. झोप रोज साडेसात तास म्हणजे ५२.५ तास, महाविद्यालय आठवड्याचे सहा दिवस सहा तास म्हणजे ३६, वाट पाहण्यासह प्रवास रोज अडीच तास म्हणजे १५, आंघोळ, जेवण, आवरणे रोज दोन तास म्हणजे १४, पाणी, स्वयंपाकात मदत आणि शेतातले काम मिळून १२. बेरीज १२९.५ होते आणि हातात ३८.५ तास उरतात. वहीत अभ्यासाची नोंद १७ तासांची निघते. उरलेल्या २१.५ तासांपैकी १३ तास मोबाइलने सांगितले आणि ८.५ तासांचा काहीच पत्ता लागला नाही.

या हिशेबातून दोन गोष्टी एकदम दिसतात. पहिली अशी की रोज दहा तास अभ्यासाचे वेळापत्रक या मुलीला कधीच शक्य नव्हते, कारण तिच्याकडे दिवसाला सरासरी साडेपाच तासच आहेत. ते पाळता आले नाही म्हणून तिने वर्षभर स्वतःला लावून घेतलेला बोल निराधार होता. दुसरी गोष्ट कमी सुखाची आहे : त्या साडेपाचांपैकी तीन तास कुठेतरी झिरपून जात आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे वहीशिवाय सहसा कळत नाही. घरातल्या वादात वडील दुसरी बाजू धरून बसतात आणि मुलगी पहिली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या भागातून ऊसतोडीसाठी दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कारखान्यावर जातात तेव्हा मागे राहिलेल्या मुलांवर आजी-आजोबा, लहान भावंडे आणि जनावरे यांची जबाबदारी पडते. अशा विद्यार्थ्याच्या वहीत मोकळा वेळ पंधरा-वीस तासच निघाला, तर ती नियोजनाची चूक नसते आणि त्याला वेळेच्या व्यवस्थापनावर व्याख्यान देणे अन्यायाचे आहे. त्याने ही वही वर्गशिक्षकांना दाखवावी, वसतिगृहात प्रवेश मिळतो का हे विचारावे आणि थोडक्या वेळात कोणती प्रकरणे आधी घ्यावीत, एवढ्यापुरताच सल्ला मागावा. पुढील दोन चाचण्या मात्र त्यालाही उपयोगी पडतील, कारण ज्याच्याकडे तास कमी आहेत त्याचा तास अधिक मोलाचा असतो.

अंदाजाची चाचणी

दुसऱ्या आठवड्यात वहीत तीन रकाने वाढवावेत : काम, अंदाज, प्रत्यक्ष. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी त्याला किती वेळ लागेल ते लिहावे आणि काम संपल्यावर खरा आकडा त्याच्यापुढे मांडावा. प्रयोगवहीतील दोन प्रयोग पूर्ण करणे, एका प्रकरणाच्या टिपणी काढणे, वीस गणिते सोडवणे अशी आठवड्यात दहा-बारा कामे नोंदली तरी पुरे. नंतर प्रत्यक्ष वेळांच्या बेरजेला अंदाजांच्या बेरजेने भागावे. अंदाज १२ तासांचा आणि प्रत्यक्ष १८ तासांचे असतील, तर भागाकार दीड येतो.

भागाकार एकाहून बराच मोठा आला, तर त्याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या कॅनडातील संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पूर्ण होईल, असे विचारले होते. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस आले. सगळे काही बिघडले तर किती लागतील, या प्रश्नाचे उत्तर सुमारे ४९ दिवस आले. प्रत्यक्षात लागले ५५. वाईटात वाईट धरूनही अंदाज तोकडाच पडला. याचे कारण असे की अंदाज बांधताना आपण काम डोळ्यांपुढे आणतो, त्यात येणारे अडथळे आणत नाही, आणि मागच्या वेळी असेच काम किती लांबले होते, ते विचारात घेत नाही.

उपाय सरळ आहे. आपला भागाकार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि यापुढे प्रत्येक अंदाजाला त्याने गुणावे. प्रकल्पवही दोन दिवसांत होईल असे वाटत असेल आणि भागाकार दीड असेल, तर तीन दिवस राखावेत. मला स्वतःला उत्तरपत्रिका तपासण्याच्या बाबतीत हा आकडा १.८ येतो आणि इतक्या वर्षांत तो फारसा खाली आलेला नाही. त्यामुळे अंदाज अचूक करण्यापेक्षा त्याला गुणून घेणे अधिक व्यवहार्य आहे, असे मी अनुभवाने म्हणतो.

तासाचा उतारा

शेतकरी किती एकर पेरले याबरोबर एकरी उतारा किती आला, हेही सांगतो. विद्यार्थी मात्र पेरलेले एकरच सांगत असतो : मी आठ तास बसलो, मी दहा तास बसलो. अभ्यासिकेत तर कोण किती वेळ खुर्चीवर असतो, यावरच प्रतिष्ठा ठरते. वेळेच्या मूल्यमापनात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी चाचणी याच ठिकाणी लागते आणि ती सर्वांत कमी केली जाते.

चाचणी अशी. एक तासाचे वाचन झाले की पुस्तक मिटावे, कोरा कागद घ्यावा आणि दहा मिनिटांत जे आठवेल ते लिहावे : व्याख्या, सूत्रे, आकृती, क्रम. नंतर पुस्तक उघडून ताडून पाहावे. मुद्द्यांपैकी निम्मेही कागदावर आले नसतील, तर तो तास वहीत ‘अर्धा’ म्हणून मांडावा. हेच पुन्हा त्या विषयावर आठ दिवसांनी, पुस्तक न उघडता करावे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या, स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले होते की पाठ केलेल्या गोष्टींचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. त्याने निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते, त्यामुळे आपल्या धड्यांना त्याचे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण न उजळलेला अभ्यास लवकर पुसला जातो, हे कोणत्याही वर्गात दिसते.

ही चाचणी केवळ मोजमाप नसून तीच उत्तम अभ्यासही आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या दोन गटांची तुलना केली. एकाने दिलेला मजकूर पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण एका आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांना स्पष्टपणे अधिक आठवत होते. लातूरच्या शिकवण्यांमध्ये वारंवार चाचण्या घेण्यावर जो भर दिसतो, त्यातील खरा लाभ मला येथे वाटतो. खोलीभाडे न भरताही, गावातल्या ओसरीवर बसून तो कोऱ्या कागदावर मिळवता येतो.

आपला प्रकार ओळखणे

दोन आठवड्यांच्या वहीवरून विद्यार्थी साधारणपणे तीनपैकी एका प्रकारात बसतो. पहिल्याकडे वेळच कमी आहे, दुसऱ्याकडे वेळ आहे पण तो झिरपतो, आणि तिसरा भरपूर तास बसतो पण उतारा कमी येतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. तिसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्याला आणखी लवकर उठायला सांगणे हा सर्वत्र दिला जाणारा आणि हमखास चुकणारा सल्ला आहे, कारण त्याची झोप कमी होऊन उतारा आणखी घसरतो. तेरा ते अठरा वर्षे वयासाठी आठ ते दहा तास झोपेची शिफारस अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ साली केली आहे. आपल्याकडील बारावीच्या मुलांना ती चैन वाटते, पण ज्याची झोप सहा तासांच्या खाली आहे, त्याने बाकी काही करण्याआधी ती वाढवून आठवडाभर उतारा पुन्हा मोजावा.

शिकवणीसाठी शहरात राहणाऱ्या मुलांची अडचण बहुधा तिसऱ्या प्रकारची असते. सकाळी एक वर्ग, दुपारी दुसरा, रविवारी चाचणी. शिकवलेले डोक्यात मुरवण्यासाठी स्वतःचा वेळच उरत नाही आणि बॅकलॉग वाढत जातो. अशा वेळी वर्गात घालवलेल्या प्रत्येक दोन तासांमागे किमान एक तास एकट्याने उदाहरणे सोडवण्यात गेला का, एवढाच हिशेब ठेवावा. गेला नसेल, तर जास्तीची एखादी बॅच सोडून देण्याचा विचार घरच्यांशी बोलून करावा. भरलेली फी पाहता हे सुचवणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे.

दुरुस्तीची सुरुवात

एका आठवड्यात एकच दुरुस्ती करावी. नवे वेळापत्रक दिवसाचे न आखता आठवड्याचे आखावे, म्हणजे ‘रोज दोन तास गणित’ याऐवजी ‘या आठवड्यात गणिताचे दहा तास, कलनाच्या साठ उदाहरणांसह’. आपल्या भागात दिवस बिघडण्याची कारणे इतकी आहेत की दिवसाचे वेळापत्रक एकदा मोडले की ते सोडून दिले जाते. आठवड्याच्या कोट्यात मात्र बुधवारचे नुकसान शुक्रवारी भरून काढता येते. हातात असलेल्या वेळेचा चौथा हिस्सा मुद्दाम मोकळा ठेवावा. वरील उदाहरणातील मुलीने ३८.५ पैकी २९ तासांचेच नियोजन करावे; उरलेल्यात चुकलेली एसटी, गेलेली लाइट, आलेले पाहुणे आणि तिची हक्काची विश्रांती हे सगळे बसले पाहिजे.

वेळ झिरपणाऱ्या विद्यार्थ्यासाठी कामाचा आरंभ बांधून ठेवणे सर्वांत उपयोगी पडते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली विस्ताराने मांडलेली ‘जर-तर’ संकल्पाची कल्पना येथे कामास येते. ‘मी रोज अभ्यास करीन’ असे न ठरवता ‘एसटीतून उतरून घरी आले आणि हातपाय धुतले की चहाच्या आधी ओसरीत बसून पाच उदाहरणे सोडवीन’ असे ठरवावे. वेळ, जागा आणि पहिली कृती आधीच ठरलेली असली, तर आरंभ करण्यासाठी मनाशी झगडावे लागत नाही, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक मुलांची शक्ती या झगड्यातच खर्च होते.

एकदा बसल्यावर घड्याळाचा उपयोग करावा. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ लावून पंचवीस मिनिटे काम आणि थोडी विश्रांती अशी पद्धत स्वतःसाठी सुरू केली आणि ती जगभर पसरली. आपल्या जुन्या कालगणनेत अहोरात्राच्या साठ घटका असतात आणि एक घटका चोवीस मिनिटांची येते, त्यामुळे ‘घटकाभर बस’ असे सांगणाऱ्या आजीचे माप त्या घड्याळापेक्षा एका मिनिटानेच कमी आहे. लांब गणिते सोडवताना मात्र पंचविसाव्या मिनिटाला उठणे घातक ठरते. तेथे दोन घटका सलग बसावे.

मोबाइलविषयी नुसता उपदेश निरुपयोगी आहे, कारण वर्गाच्या सूचना, टिपणी आणि प्रश्नसंच सगळे व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवरच येतात. त्यामुळे फोन बंद ठेवा असे न म्हणता मी असे सुचवतो की दिवसातून दोन ठरावीक वेळा तो हातात घ्यावा, लागणाऱ्या फाइल उतरवून घ्याव्यात, प्रश्न वहीत लिहून घ्यावेत आणि फोन दुसऱ्या खोलीत, शक्यतो आईजवळ ठेवावा. एक-दोन खोल्यांच्या घरात ‘दुसरी खोली’ नसते. तेव्हा पिशवीत घालून खुंटीला टांगला तरी हात सहज जात नाही.

प्रवासाच्या वेळेबाबत अवास्तव अपेक्षा नसाव्यात. गर्दीच्या एसटीत उभे राहून नवीन प्रकरण समजून घेता येत नाही. आदल्या दिवशीच्या धड्यावरचे दहा प्रश्न चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवले, तर बसस्थानकावरच्या वीस मिनिटांत त्यांची उत्तरे मनात आठवता येतात, आणि तेवढे पुरेसे आहे.

हंगाम आणि परीक्षा

आठवड्याचे गणित जमले तरी मराठवाड्यात वर्षाचे गणित वेगळे मांडावे लागते. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत सोयाबीनची काढणी आणि मळणी, पाठोपाठ कापसाची वेचणी, डिसेंबर-जानेवारीत तूर, आणि ज्वारी-हरभऱ्याची काढणी नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर येते. एप्रिल-मे हे लग्नसराईचे महिने आणि त्याच महिन्यांत सीईटी आणि नीट. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत ध्वनिक्षेपक चालू असतो. या गोष्टी अचानक येत नाहीत. त्या दरवर्षी येतात आणि दरवर्षी विद्यार्थ्याला त्यांचे नवल वाटते.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानांवर बारा महिने मांडून परीक्षेच्या महिन्यापासून मागे मोजत यावे. ज्या आठवड्यांत घरचे काम अटळ आहे, त्यांत नवीन प्रकरण धरू नये, फक्त उजळणी ठेवावी. अवघड प्रकरणे जुलै-ऑगस्टमध्ये, पेरणी आणि काढणी यांच्या मधल्या काळात घ्यावीत. हे पान काढणीच्या महिनाभर आधी वडिलांना दाखवावे. ऐन काढणीच्या दिवशी ‘माझा अभ्यास आहे’ असे म्हटले तर ते काम चुकवण्यासारखे वाटते. तेच महिनाभर आधी ‘दादा, मी सकाळी अकरापर्यंत वावरात येतो, दुपारनंतर मला सोडा’ असे सांगितले तर बहुतेक घरांत ऐकले जाते. मुलींच्या बाबतीत ते तितक्या सहज ऐकले जात नाही, हेही मी पाहिले आहे. तेथे आईला किंवा एखाद्या शिक्षिकेला बरोबर घेऊन बोलणे अधिक फळते.

ज्यांना वेळेच्या बंधनाची परीक्षा द्यायची आहे, त्यांनी जानेवारीपासून वहीत आणखी एक आकडा धरावा. नीटच्या सध्याच्या स्वरूपात १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे मिळतात, पण जीवशास्त्राच्या ९० प्रश्नांना मिनिटभर लागत नाही आणि भौतिकशास्त्राच्या ४५ प्रश्नांना ते पुरत नाही. प्रत्येक सराव परीक्षेत विषयवार मिनिटे लिहिली, तर जीवशास्त्रातून किती वाचवून भौतिकशास्त्राला द्यायची, ते तीन-चार परीक्षांतच ठरते.

पुन्हा मोजणी

दुरुस्त्या सुरू केल्यावर चार आठवड्यांनी सात दिवसांची नोंद पुन्हा ठेवावी आणि तीनच आकडे जुन्या आकड्यांशेजारी मांडावेत : पत्ता न लागलेले तास, अंदाजाचा भागाकार आणि आठ दिवसांनंतर कोऱ्या कागदावर उतरलेले मुद्दे. अभ्यासाचे एकूण तास वाढले नसतील आणि तिसरा आकडा वाढला असेल, तर सुधारणा झाली आहे असे समजावे. तास वाढून तिसरा आकडा तेथेच असेल, तर पद्धत बदलावी. ही दुसरी नोंद दिवाळीच्या सुट्टीत, सप्ताहात किंवा घरात लग्न असताना ठेवू नये. तिच्यासाठी महाविद्यालय, एसटी आणि शेत असा नेहमीसारखाच आठवडा निवडावा, नाहीतर पहिल्या नोंदीशी तिची तुलनाच होऊ शकणार नाही.